सात झेल, ८१ यार्ड आणि क्लेमसनचा कोच: बाकावर बसलेला खेळाडू चांगला कोच का होतो?

टेकडीवरून

मंडळी, नमस्कार. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज लिहायला बसलोच.

मी २००८च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला क्लेमसनला आलो. साउथ कॅरोलायनाच्या कोपऱ्यातलं छोटं गाव आणि त्यात ऐंशी हजार माणसं मावतील एवढं स्टेडियम. आल्या आल्या सीनियर लोकांनी बजावलं, "शनिवारी मॅच असेल तर किराणा शुक्रवारी आणून ठेव, शनिवारी रस्त्यात अडकशील." फुटबॉल म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

त्या वर्षी संघाकडून फार अपेक्षा होत्या आणि पहिल्याच मॅचला अलाबामाने ३४-१० असं धुतलं. ऑक्टोबरात तीन विजय, तीन पराभव असताना हेड कोच टॉमी बाउडन पायउतार झाले आणि उरलेल्या सीझनपुरती सूत्रं एका ३८ वर्षांच्या असिस्टंटकडे आली. डाबो स्विनी. खरं नाव विल्यम क्रिस्टोफर, पण लहानपणी मोठा भाऊ 'दॅट बॉय' म्हणायला जायचा त्याचं 'डाबो' झालं, ते आजतागायत. हा माणूस तोवर फक्त वाइड रिसीव्हर पोरांना शिकवायचा. अख्ख्या आक्रमणाची किंवा बचावाची जबाबदारी त्याने कधीच सांभाळली नव्हती. आमच्या लॅबमधला अमेरिकन सहकारी कपाळाला हात लावून बसला होता.

आता त्याची खेळाडू म्हणून कारकीर्द बघा. अलाबामा विद्यापीठात तो 'वॉक-ऑन' होता, म्हणजे स्कॉलरशिप नाही, कोणी बोलावलेलं नाही, आपण होऊन ट्रायलला जायचं आणि ठेवून घेतलं तर राहायचं. पुढे स्कॉलरशिप मिळाली. १९९२च्या विजेत्या संघात तो होता, मियामीला ३४-१३ हरवून अलाबामा राष्ट्रीय विजेते झाले तोच संघ. पण कॉलेजच्या सगळ्या वर्षांत मिळून त्याच्या नावावर झेल किती? सात. यार्ड ८१. इथला बरा रिसीव्हर एवढं एका दुपारी करतो.

आणि हाच माणूस पुढे क्लेमसनला दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देतो, २०१६ आणि २०१८च्या सीझनची, दोन्ही वेळा अंतिम सामन्यात स्वतःच्याच अलाबामाला हरवून.

माझं मत असं, की ज्याला मैदानात फार उतरायला मिळत नाही तो कडेला उभा राहून बघायला शिकतो. कोण कुठे चुकतोय, कोणाचा धीर सुटतोय, कोच कोणाला काय बोलतो, हे सगळं. ज्याला सगळं सहज जमतं त्याला दुसऱ्याचं अडलेलं दिसत नाही. तुम्हाला काय वाटतं? अनुभव लिहा.

लाल_माती

फुटबॉल वाचून धावत आलो दादा, आणि इथे भलताच चेंडू! आम्ही कोल्हापूरचे. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम, पाटाकडील विरुद्ध खंडोबा, आणि मॅचच्या दिवशी अख्खी पेठ गॅलरीत. तरी वाचतो. बाकावरची पोरं आमच्याकडेही लय आहेत.

चंद्रकोर

लेख आवडला. पण खेळ कळत नसलेल्यांसाठी दोन ओळी टाका ना. वाइड रिसीव्हर म्हणजे नक्की कोण?

टेकडीवरून

@चंद्रकोर, थोडक्यात सांगतो. मैदान १०० यार्डांचं, दोन्हीकडे ११-११ जण. चेंडू ज्यांच्याकडे त्यांना चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं असतं, सरकले की पुन्हा नवे चार. शेवटची रेघ ओलांडली की टचडाउन, सहा गुण. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, आणि कडेने पळत जाऊन झेल घेणारा तो वाइड रिसीव्हर. पळायचा मार्ग आधी ठरलेला असतो, किती पावलांवर वळायचं हेसुद्धा. डाबो फार वेगवान नव्हता, पण ही पाठांतरं त्याची पक्की होती.

पिच_रिपोर्ट

पूर्ण असहमत, आणि उदाहरण तुमच्याच गावातलं देतो.

डाबोची नोकरी ज्या मॅचने पक्की झाली ती कोणती? २९ नोव्हेंबर २००८, साउथ कॅरोलायना विद्यापीठाविरुद्ध, क्लेमसन ३१-१४ ने जिंकलं. दोनच दिवसांनी, १ डिसेंबरला, त्याला कायम केलं. त्या मॅचला समोरच्या संघाचा कोच कोण होता? स्टीव्ह स्पुरियर. फ्लोरिडाचा क्वार्टरबॅक, १९६६चा हाइजमन विजेता, म्हणजे देशातला त्या वर्षीचा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. त्या सीझनमध्ये ऑबर्नविरुद्ध निर्णायक ४० यार्डांची किक क्वार्टरबॅक असूनही त्याने स्वतः मारली होती. पुढे कोच म्हणून त्याने फ्लोरिडाला १९९६चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, आणि त्याच वर्षी त्याचा क्वार्टरबॅक डॅनी वुर्फेल हाइजमन जिंकला. स्वतः हाइजमन जिंकून शिष्यालाही जिंकवणारा तो पहिलाच.

सगळं सहज जमणारा माणूस, आणि कोच म्हणूनही अव्वल. आणखी ऐका. २००९ ते २०१३ सलग पाच वर्षं स्पुरियरच्या साउथ कॅरोलायनाने डाबोच्या क्लेमसनला हरवलं. तेव्हा कडेला उभं राहून बघण्याचं शहाणपण कुठे गेलं होतं?

टेकडीवरून

@पिच_रिपोर्ट, बिनतोड मुद्दा. त्या मॅचला मी स्टेडियममध्ये होतो, समोर स्पुरियर डोक्यावरची व्हायझर काढून हातात घेऊन येरझारा घालत होता तेही आठवतंय. पण स्पुरियरलाही 'सगळं सहज जमलं' हे बरोबर नाही. व्यावसायिक फुटबॉलमध्ये तो १९७६च्या टॅम्पा बेचा क्वार्टरबॅक होता, आणि त्या संघाने १४च्या १४ मॅच हरल्या. एवढी वर्षं बाकाची आणि हरण्याची ओळख त्यालाही झाली होती की.

पाच पराभवांचं म्हणाल तर डाबोचा खरा कस तिथेच लागला असं मी म्हणेन. २०१० साली क्लेमसनचे सहा विजय आणि सात पराभव. गावात न्हाव्याच्या दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे एकच चर्चा, याला काढा. क्रीडा विभागाचे प्रमुख टेरी डॉन फिलिप्स यांनी काढलं नाही. ज्यांनी त्याला हंगामी कोच केलं होतं तेच हे. पुढच्याच वर्षी क्लेमसनने कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या विद्यापीठांमधलं, विजेतेपद जिंकलं, वीस वर्षांत पहिल्यांदा. त्यानंतर ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मानाच्या मॅचमध्ये वेस्ट व्हर्जिनियाकडून ७०-३३ असा मार खाल्ला, तोही त्याच सीझनचा भाग.

शून्य_मैल

नागपूरहून लिहितेय. पहिला धागा वाचला तेव्हा मनात आलं ते चंद्रकांत पंडितांचं नाव. पंडित मोठे यष्टिरक्षक-फलंदाज होते यात वाद नाही, पण भारतासाठी कसोट्या पाचच. एकोणीसशे नव्याण्णवला मध्य प्रदेशचे कर्णधार असताना रणजीची अंतिम लढत हरले ते दुःख त्यांनी बरोबर बाळगलं. आणि कोच म्हणून? विदर्भ, ज्या संघाने तोवर रणजी कधी जिंकलीच नव्हती, तो २०१७-१८ आणि २०१८-१९ असा सलग दोनदा जिंकला. मग २०२२मध्ये त्याच मध्य प्रदेशला पहिल्यांदा रणजी मिळवून दिली, ज्या बंगळुरूत हरले होते तिथेच. आम्ही त्या दिवशी टीव्हीसमोर रडलो होतो, आणि आमचा संघसुद्धा नव्हता तो.

डबलडेकर

रमाकांत आचरेकर सरांना कसं विसरलात? प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. एकच! आणि शिवाजी पार्कवरून सचिन, कांबळी, आमरे, आगरकर.

लाल_माती

@डबलडेकर, धागा संपला की राव इथेच. आता सर्वांनी चहा घ्या.

आईची_डायरी

चहा नंतर, माझं ऐका आधी. :)

आम्ही शार्लटजवळ राहतो. माझा धाकटा हायस्कूलच्या फुटबॉल संघात रिसीव्हर आहे, म्हणजे होता म्हणायचं का आहे म्हणायचं तेच वर्षभर कळत नव्हतं. ऑगस्टच्या उन्हात रोज तीन तास सराव, घरी यायचा तो गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्यावर निळे डाग घेऊन. शुक्रवारी मॅच, आणि हा अख्खी मॅच कडेला उभा. नवऱ्याचं म्हणणं, अभ्यास कर, सोड ते. सर्वात लागलं ते दुसरंच. सीझन संपल्यावरच्या जेवणात त्याच्या कोचने त्याला दुसऱ्याच मुलाच्या नावाने हाक मारली. पोरगा काही बोलला नाही, गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून बसला. मी आरशात बघत होते.

पुढच्या वर्षी नवे कोच आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात याला बोलावून सांगितलं, तू समोरच्या संघाचे व्हिडिओ बघून त्यांचा कोपऱ्यातला बचावपटू कुठल्या पायावर वळतो ते मला लिहून दे. त्याने वहीत आकृत्या काढल्या, अगदी बाण आणि आकडे घालून. ती वही कोचनी पूर्ण संघासमोर वाचून दाखवली. खेळायला त्या वर्षीही फार मिळालं नाही, पण आता तो म्हणतो मला कोच व्हायचंय. आम्ही दोघं अजून पचवतोय.

म्हणून टेकडीवरून दादा, तुमचं वाक्य खरं आहे, पण अर्धं. कडेला उभं राहिलं की आपोआप बघायला येत नाही. कोणीतरी "तू काय बघितलंस?" असं विचारावं लागतं.

टेकडीवरून

ताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "कोणीतरी विचारावं लागतं" हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

डाबोच्या बाबतीत विचारणारा होता जीन स्टॉलिंग्ज, अलाबामाचा कोच. खेळणं संपल्यावर त्यानेच त्याला पदव्युत्तर असिस्टंट म्हणून ठेवून घेतलं, तिथेच एमबीए झालं आणि १९९६पासून तो पूर्णवेळ असिस्टंट झाला. वडिलांच्या दारूपायी आणि कर्जापायी घर मोडलं होतं. कॉलेजात असताना आई त्याच्या खोलीवर येऊन राहिली, एकाच खोलीत झोपायची, आणि तिथून बर्मिंगहॅमला दुकानात नोकरीला जायची. मित्राबरोबरच्या भाड्याच्या घरात आईला घेऊन राहणं विशीतल्या पोराला सोपं नसतं. सुट्टीत हा भावाबरोबर लोकांच्या घरांची पन्हाळी साफ करून फी जमवायचा. आईला लहानपणी पोलिओ झाला होता, त्यातून ती उठली होती. असल्या आईचा मुलगा ट्रायलला जाताना 'आपल्याला कोणी बोलावलं नाही' याचं फार वाईट वाटून घेत नसावा.

वडिलांबद्दलही लिहितो, कारण गोष्ट तिथे संपत नाही. त्यांनी पुढे दारू सोडली, मुलाशी जुळलं, आणि २०१५च्या ऑगस्टमध्ये कॅन्सरने गेले. त्याच सीझनला क्लेमसन पहिल्यांदा डाबोच्या हाताखाली राष्ट्रीय अंतिम सामन्यात पोचलं, अलाबामाकडून ४५-४० हरलं.

पिच_रिपोर्ट

@आईची_डायरी, तुमच्या लेकाला माझ्याकडून एक शाबासकी.

दादा, अलाबामातून निघाल्यावर २००१ ते २००३ तो काय करत होता ते लिहा ना. तो भाग मला सर्वात जवळचा वाटतो.

टेकडीवरून

बरोबर पकडलंत. २०००चा सीझन अलाबामाला वाईट गेला, हेड कोच गेला, त्याच्याबरोबर सगळे असिस्टंटही. इथे कोचिंगमध्ये असंच चालतं, वरचा गेला की खालच्यांचीही खुर्ची जाते. डाबोला लहान मुलं, कर्ज, हातात नोकरी नाही. दोन वर्षं बर्मिंगहॅममध्ये तो शॉपिंग सेंटरचे गाळे भाड्याने द्यायचं काम करत होता. पुन्हा फुटबॉलमध्ये येईल असं कोणी सांगितलं नसतं.

मग २००३मध्ये बाउडन साहेबांनी क्लेमसनला बोलावलं. हेच बाउडन पूर्वी अलाबामात असिस्टंट होते, डाबो तिथे पोचला तेव्हापासून ओळखत होते.

हिशेबनीस

सगळं मान्य, भावना पोचल्या. आता थोडं पैशाचं बोलू.

२०१९मध्ये या तुमच्या लाडक्या कोचने १० वर्षांचा ९ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला, २०२२मध्ये तो वाढून ११ कोटी ५० लाखांचा झाला. सरकारी विद्यापीठ आहे हो ते. आणि खेळणाऱ्या पोरांना? तेव्हा फक्त स्कॉलरशिप. स्वतःच्या नावाने जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभासुद्धा १ जुलै २०२१ला मिळाली. आणि साहेब काय म्हणत आले, की कॉलेज खेळाडूंचं व्यावसायिकीकरण मला पटत नाही. गरिबीतून आलेल्या माणसाने असं म्हणावं याचा मला राग येतो. ज्या पोराच्या आईला घर नाही त्याला चार पैसे मिळाले तर बिघडलं कुठे?

टेकडीवरून

@हिशेबनीस, इथे मी तुमच्या बाजूला आहे. मुलांना पैसे मिळायलाच हवेत, त्या ऐंशी हजार लोकांची तिकिटं त्यांच्याच अंगावर विकली जातात. डाबोला वाटतं पदवी हाच मोठा मोबदला, आणि त्याच्या आयुष्यात तसं झालंही. पण आपल्याला जे पुरलं ते सगळ्यांना पुरेल असं नसतं.

शून्य_मैल

दादांनी एवढ्या सहज मान्य केलं? मला वाटलं इथून पुढे पन्नास प्रतिसाद भांडणाचे.

टायरवाला

ग्रीनव्हिलमध्ये मिशेलिनला १४ वर्षं झाली. रोमात (नुसता वाचत) असतो, पण या धाग्यावर गप्प बसवेना.

तुम्ही सगळे डाबोबद्दल बोलताय, मला टोनी एलियटची गोष्ट सांगायचीय. हाही क्लेमसनचा वाइड रिसीव्हर, हाही वॉक-ऑन. इंडस्ट्रियल इंजिनीअरिंग केलेला. त्याचं शेवटचं वर्ष २००३, आणि त्याच वर्षी रिसीव्हर पोरांचा कोच म्हणून कोण आलं? डाबो. पदवीनंतर एलियट आमच्या कंपनीत इंजिनीअर म्हणून लागला. टायरची कंपनी, कायमची नोकरी, पगार चांगला, आपल्यातला कोणी असता तर आईवडिलांनी पेढे वाटले असते. दोन वर्षांनी त्याने ती सोडली आणि साउथ कॅरोलायना स्टेटसारख्या लहान कॉलेजात कोच म्हणून गेला. डाबोने पुढे त्याला क्लेमसनला परत आणलं, दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदांच्या वेळी आक्रमण त्याच्याकडे होतं, आणि २०२१च्या डिसेंबरात तो व्हर्जिनिया विद्यापीठाचा हेड कोच झाला.

आमच्याकडे कँटीनमध्ये नवीन पोरांना ही गोष्ट अजून सांगतात. मी एकदा घरी फोनवर सांगितली तर वडील म्हणाले, "बरं झालं तो आपल्यात जन्माला नाही आला." हसलो, पण फोन ठेवल्यावर खूप वेळ विचार करत बसलो होतो.

आईची_डायरी

@टायरवाला, ही गोष्ट मी आज रात्री जेवताना नवऱ्याला सांगणार. इंजिनीअरिंग आधी, कोचिंग नंतर, हा मधला रस्ता आमच्या घरात चालेल!

पिच_रिपोर्ट

मिशेलिनचं वाचून मजा आली. पण यातून एक टीकेचा मुद्दा निघतो तो मांडतो. एलियट आक्रमण सांभाळायचा, बचाव ब्रेंट व्हेनेबल्स. त्या ७०-३३च्या मारानंतर ओक्लाहोमातून आणलेला माणूस. हे दोघेही २०२१च्या शेवटी एकदमच गेले, व्हेनेबल्स ओक्लाहोमाचा हेड कोच झाला. त्यानंतर क्लेमसनला राष्ट्रीय अंतिम सामना दिसलेला नाही. मग श्रेय कोणाचं?

दुसरं, आता खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात सहज जातात. बाकीचे कोच दरवर्षी बाहेरून दहा-पंधरा तयार खेळाडू आणतात. डाबोने २०२४च्या सीझनसाठी एकही आणला नाही. याला मी हट्ट म्हणतो.

टेकडीवरून

हट्ट आहेच. त्या वर्षी त्याच हट्टाने कॉन्फरन्सही जिंकली, एसएमयू विद्यापीठाविरुद्ध ३४-३१, शेवटच्या सेकंदाला ५६ यार्डांची किक. मग प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत, टेक्सासकडून ३८-२४ हरले. पुढच्या वर्षी त्याने थोडे खेळाडू बाहेरून घेतले, म्हणजे बदलतोय, पण हळूहळू.

श्रेयाबद्दल: चांगली माणसं हेरून त्यांना दहा-दहा वर्षं बरोबर ठेवणं हेही कोचचंच काम. पण ती गेल्यावर तसं घर पुन्हा बांधता आलं नाही हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि ते बघताना त्रासही होतो.

अबोली_फोंडा

वाचतेय आणि अवांतर विचारतेय. अलाबामाचं नाव या धाग्यात इतक्यांदा का येतंय? क्लेमसन आणि अलाबामा यांचं काही नातं आहे का?

टेकडीवरून

अबोली, हा प्रश्न अवांतर नाहीच. यावर माझ्या जुन्या घरमालकांनी, सत्तरीतले गृहस्थ होते, मला पोर्चवर बसवून पूर्ण संध्याकाळ घातली होती.

क्लेमसनच्या मोठ्या कोचांची यादी म्हणजे अलाबामाच्या जुन्या खेळाडूंची यादी आहे. फ्रँक हॉवर्ड अलाबामाकडून खेळला, १९३१ला क्लेमसनला असिस्टंट म्हणून आला, १९४० ते १९६९ तीस सीझन हेड कोच. स्टेडियमच्या टेकडीवर जो दगड आहे, तो त्याच्याच नावाचा. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीतून कोणीतरी त्याला भेट आणून दिला होता. १९६६मध्ये तो टेकडीच्या माथ्यावर चौथऱ्यावर बसवला, आणि पुढच्या वर्षापासून खेळाडू त्याला हात लावून खाली धावत येतात.

मग चार्ली पेल, तोही अलाबामाचा. तो १९७८च्या शेवटी फ्लोरिडाला गेला आणि बोल मॅचच्या आधी संघ ३० वर्षांच्या डॅनी फोर्डच्या हातात आला. फोर्डही अलाबामाचाच, बेअर ब्रायंटच्या हाताखाली खेळलेला. त्याची पहिलीच मॅच म्हणजे ओहायो स्टेटविरुद्धची ती गेटर बोल, जिच्यात समोरचा दिग्गज कोच वुडी हेज याने क्लेमसनच्या खेळाडूला ठोसा मारला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. क्लेमसन १७-१५ जिंकलं. तीन वर्षांनी, १९८१ला, फोर्डने क्लेमसनला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद दिलं, १२ पैकी १२ विजय.

घरमालक म्हणाले होते, हा डाबोही अलाबामाचा, मधूनच हातात संघ आलेला, फोर्डसारखा. थांबा आणि बघा. हे २००९ साली, हरत होतो तेव्हा.

हिशेबनीस

बेअर ब्रायंटचं नाव आलंच आहे तर तेही उदाहरण घ्या. अलाबामाचा खेळाडू, पण संघातला तारा डॉन हटसन, ब्रायंट म्हणजे 'दुसरा' तो. १९३५मध्ये पाय मोडलेला असताना टेनेसीविरुद्ध खेळला. कोच म्हणून ३२३ विजय, सहा राष्ट्रीय विजेतेपदं, शेवटच्या मॅचनंतर महिन्याभरात गेला.

पण त्याचीच दुसरी बाजू: १९५४मध्ये टेक्सास ए अँड एमच्या पोरांना त्याने जंक्शन नावाच्या गावी दहा दिवस दुष्काळी उन्हात पाण्याशिवाय सराव करायला लावला. निम्म्याहून जास्त पोरं पळून गेली, आणि तो सीझन एक विजय, नऊ पराभव. स्वतः मोडक्या पायाने खेळलेल्या माणसाला वाटतं सगळ्यांनी तसंच खेळावं. टेकडीवरून, तुमच्या सिद्धान्तात हेही बसवा.

आईची_डायरी

पाण्याशिवाय? ऑगस्टमधली मुलं सरावानंतर कशी दिसतात ते मी बघते. अशा कोचच्या विजयांचं मला कौतुक नाही. लिहून ठेवा.

टेकडीवरून

ताई, सहमत. हिशेबनीस, बसवतो. आपण सोसलं ते बघून काहींना दुसऱ्याचं सोसणं दिसायला लागतं आणि काहींना ते मोजमाप वाटायला लागतं. मी 'बाकावर बसलेला चांगला कोच होतो' असं सरसकट लिहिलं होतं ते मागे घेतो.

लाल_माती

कोणीतरी २०१७च्या फायनलचं सांगा की. मी काल रात्री यूट्यूबवर शेवटची दोन मिनिटं बघितली, आमच्या शाहू स्टेडियमला एवढा आवाज नाही झाला कधी. (झालाय, पण आता बोलायचं म्हणून.)

टेकडीवरून

९ जानेवारी २०१७, टॅम्पा, म्हणजे २०१६च्या सीझनची फायनल. मी तोवर ग्रीनव्हिलला नोकरीला होतो, घरी आठ जण मॅच बघायला, बायकोने साबुदाण्याची खिचडी केली होती कारण मित्रांपैकी दोघांचा उपास. अलाबामा आधी १४-० ने पुढे. मग क्लेमसन २८-२४ ने पुढे. दोन मिनिटं सात सेकंद उरली असताना अलाबामाने टचडाउन केलं, ३१-२८. खोलीत कोणी बोलेना. मग आमचा क्वार्टरबॅक डेशॉन वॉटसनने नऊ खेळींत ६८ यार्ड नेलं. एक सेकंद शिल्लक असताना दोन यार्डांवरून उजवीकडे फेकलेला चेंडू हंटर रेन्फ्रोने झेलला. ३५-३१. खिचडीची ताटली कोणाच्या तरी पायाखाली गेली, शेंगदाणे कार्पेटभर, आणि बायको स्वतः सोफ्यावर उभी राहून ओरडत होती.

रेन्फ्रो कोण? वाइड रिसीव्हर. किरकोळ अंगाचा पोरगा, आणि तोही वॉक-ऑन. स्वतः वॉक-ऑन रिसीव्हर असलेल्या कोचने ठेवून घेतलेला वॉक-ऑन रिसीव्हर, ज्या अलाबामात कोचने स्वतः सात झेल घेतले त्याच अलाबामाविरुद्ध. रेन्फ्रोने त्या एका रात्री दहा घेतले.

चंद्रकोर

दहा!! अंगावर काटा आला.

टायरवाला

आणि आता दुःखाची बातमी यातच आहे. कोर्टातल्या एका निवाड्यामुळे २०२५पासून नवीन नियम आलाय. विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. हिशेबनीस, तुमचा मुद्दा सुटला. पण त्याच निवाड्यात फुटबॉल संघाला १०५ जणांची मर्यादा घातली. आधी स्कॉलरशिप ८५, आणि वर जेवढे वॉक-ऑन ठेवायचे तेवढे. म्हणजे जागा कापल्या त्या मुख्यतः याच पोरांच्या. उद्याचा रेन्फ्रो, उद्याचा एलियट, उद्याचा डाबो ट्रायलला गेला तर त्याला ठेवायला जागा असेल का?

हिशेबनीस

हे माहीत नव्हतं. पोरांना पैसे मिळाले याचा आनंद आहेच, पण हे वाचून वाईट वाटलं. दोन्ही गोष्टी एकाच कागदात याव्यात?

टेकडीवरून

टायरवाला, मला या धाग्यात खरं हेच विचारायचं होतं बहुतेक, फक्त सापडत नव्हतं. कोच कसा घडतो ते आपण बोललो. पण तो ज्या कोपऱ्यात उभा राहून घडला तो कोपराच आता लहान होतोय.

नवीन_सदस्य_क्लेमसन

नमस्कार, मी याच ऑगस्टमध्ये क्लेमसनला एमएसला आलोय, मूळचा सांगलीचा. सगळा धागा एका बैठकीत वाचला. शनिवारी पहिली मॅच आहे आणि रूममेट म्हणतात टेकडीवर बसायचं. काही टिप्स?

टेकडीवरून

अरे वा, ये रे! मॅच सुरू व्हायच्या खूप आधी जा, टेकडी लवकर भरते. सकाळी पाऊस झाला असेल तर गवत ओलं असतं, खाली अंथरायला काहीतरी ने. नारिंगी शर्ट नसेल तर मला कळव, माझ्याकडे दोन आहेत. पाण्याची बाटली मात्र गेटवर चालते का ते आधी बघून घे. आणि संघ बसमधून उतरून दगडापाशी जमा झाला की पुढे पहिल्या रांगेतल्या तारे मंडळींकडे बघू नकोस. अगदी मागे, संघाच्या यादीत शेवटी असलेली पोरं असतात, त्यांच्यातलं एखादं दगडाला हात लावून क्षणभर तसंच थांबतं. ते बघ आणि सोमवारी इथे येऊन सांग.

आणि किराणा शुक्रवारी आण.